शाळा उघडण्याची रंगीत तालीम

शाळा बंद करायला काही म्हणता काही लागलं नव्हतं. एका दुपारी फोन आला, मी घंटा द्यायला सांगितली, पोरं आनंदानं ओरडत घरी गेली आणि आमचा शिपाई रघोजी फाटकाला कुलूप लावून मोकळा झाला. तीच शाळा पुन्हा उघडायची म्हटल्यावर मात्र सरकारनं एवढं जाडजूड परिपत्रक पाठवलं, की ते छापता छापता शाळेच्या प्रिंटरनं प्राण सोडला.

आमची शाळा म्हणजे तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली, पाचवीपर्यंतची एक छोटी शाळा. मी तिचा हेडमास्तर, सत्यनारायण राव. हेडमास्तर हा शब्द ऐकून कुणी दबून जाऊ नये. गल्लीतली निम्मी घरं आमच्यासारखीच, भोसल्यांच्या काळापासून इथं मुरलेल्या मराठी माणसांची, आणि त्या घरांतल्या यच्चयावत वडीलधाऱ्यांनी मला अर्ध्या चड्डीत पाहिलेलं आहे. आता माझी पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण त्यांच्या लेखी मी अजून सत्याच. बाहेर मी 'एच.एम. सार', गल्लीत शिरलो की 'सत्या, येताना कढीपत्ता आणलास का?'

तर नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून लहान मुलांचे वर्ग भरवायचे, असा हुकूम निघाला. दिवाळी तोंडावर आलेली, बाहेर ईशान्येचा पाऊस, घराघरांत अजून करोनाची धास्ती, आणि अशात शाळा. शाळेचे चालक हरिप्रसाद चेन्नईला असतात. शाळा त्यांच्या आजोबांनी काढलेली. त्यांचा फोन आला.

"सत्यनारायण, त्या दिवशी आपलं फाटक उघडलं नाही तर पालक दाखले मागायला येतील. मोठ्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेची बस आत्तापासून आपल्या गल्लीत हॉर्न वाजवून जाते म्हणे."

"जाते खरी," मी म्हणालो. "परवा आमच्याच दारात उभी होती. ड्रायव्हरनं पाणी मागितलं."

"दिलंत?"

"दिलं."

मग ते म्हणाले, "आणखी मुलं गेली तर मला शाळा बंद करावी लागेल. तुम्हाला कुठंही नोकरी मिळेल हो. पण आजोबांची शाळा माझ्या हातून बंद पडली असं नको व्हायला."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी त्याच शाळेत शिकलो, त्याच शाळेत शिकवतो. मला कुठंही नोकरी मिळेल हे हरिप्रसादांचं मत होतं, माझं नव्हतं.

पालकांकडून संमती मागवली. उत्तरं एकाच साच्यातली आली. 'आमची काही हरकत नाही, सार. पण घरातली मोठी माणसं नको म्हणतात.' पोर शाळेतून काही घेऊन आलं आणि आजोबांना लागलं तर काय करायचं, हा प्रश्न. त्यात वावगं काही नव्हतं. त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीनंही माणसं गमावली होती. मी कुणाला काय समजावणार?

संध्याकाळी गल्लीत एक चक्कर टाकली, ती माझी चूक झाली. आमच्याकडे घरापुढं बसायचा ओटा असतो, त्याला आम्ही तिण्णै म्हणतो, आणि तिण्णैवर बसलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ देत नाही. आधी लागले सेतुमाधव. रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज अजून फलाटावरचा.

"सत्या, वर्गाच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेव. वारं खेळलं पाहिजे."

पलीकडच्या तिण्णैवर त्यांचे धाकटे बंधू कल्याणराम बसले होते. मधे एक भिंत, जेमतेम कमरेएवढी. ते आभाळाकडे बघत म्हणाले, "सत्या, खिडक्या घट्ट बंद ठेव. पावसाची झड आत आली की पोरं शिंकणार. शिंकली की झालं."

या दोन भावांचं सांगायला हवं. एका गोकुळाष्टमीच्या भजनात कल्याणरामांनी भर मंडळींत थोरल्या भावाला थांबवून 'अण्णा, सूर खाली लागतोय' असं म्हटलं होतं. तेव्हापासून अबोला. घर एकच, मधून भिंत घातलेली. एकमेकांशी बोलायचं झालं तर भाजीवालीमार्फत किंवा माझ्यामार्फत बोलतात. आमच्या तंजावूरात जमिनीचा तुकडा कुणी बळकावला तर लोक विसरून जातात. सूर खाली लागला म्हटलेलं कुणी विसरत नाही.

"त्याला सांग," सेतुमाधव म्हणाले, "की शास्त्रज्ञ खिडक्या उघडा म्हणतात."

"त्यांना सांग," कल्याणराम म्हणाले, "की शास्त्रज्ञ तंजावूरला राहत नाहीत."

मी दोघांनाही काही न सांगता घरी आलो.

परिपत्रकात सर्वांत अवघड कलम होतं ते तालमीचं. शाळा उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना फाटकापासून बाकापर्यंत कसं आणणार, ताप असलेलं मूल सापडलं तर काय करणार, हे सगळं प्रत्यक्ष करून दाखवायचं. ते बघायला शिक्षण खात्याच्या बी.ई.ओ., म्हणजे गटशिक्षणाधिकारी, मॅडम येणार. त्यांनी हो म्हटलं तरच परवानगी. आणि त्याच परिपत्रकात पुढच्या पानावर म्हटलेलं, परवानगी मिळेपर्यंत एकही मूल शाळेच्या आवारात दिसता कामा नये.

मी ऑफिसात फोन लावला. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

"सार, मुलं आणायची नाहीत."

"मग तालीम कुणाची करू?"

"बाकांवर कुणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे, सार."

"कोण?"

"ते परिपत्रकात लिहिलेलं नाही, सार."

जेवताना मी हे सुप्रभेला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती रसम वाढत होती. वर न बघता म्हणाली, "म्हातारी बसवा की. दीड वर्ष घरात कोंडून त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलंय. एक दिवस शाळेत गेली तर सुनांना जरा मोकळा श्वास घेता येईल."

ती थट्टा करत होती. मी हेडमास्तर असल्यामुळे मला थट्टा जरा उशिरा कळते. तोवर मी हात धुऊन बाहेर पडलो होतो.

गल्लीत त्या बातमीनं काय खळबळ माजली म्हणून सांगू. दोन्ही लशी झाल्या असतील त्यांनाच प्रवेश, अशी मी अट घातली, तर एकेक जण सर्टिफिकेट मोबाइलवर उघडून माझ्या नाकापुढं नाचवू लागला. वेंकूबाई तर आपलं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊन आल्या. वेंकूबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या सर्वांत वयस्कर बाई. ऐंशीच्या आसपास, नऊवारी, नाकात दोन्हीकडे चमक्या. जगाच्या आत्या.

"सत्या, मला कुठल्या इयत्तेत घालणार?"

"आत्या, तालीम फक्त तिसरीच्या वर्गाची आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिसरी माझी अर्धीच राहिलीय. मधेच लग्न झालं."

आता तयारी. अंगणात मुलांनी लांब लांब उभं राहावं म्हणून गोल आखायचे होते. मी आणि रघोजीनं दोरी धरून, खडू लावून, पांढऱ्या रंगानं सुबक गोल काढले. एवढे गोल की लांबून कुणाला वाटावं, शाळेनं इडल्या वाळत घातल्यात. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

तालमीच्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर प्रत्येक गोलात कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी. कशात कमळ, कशात शंख, एकात मोर. गल्लीतल्या बायका पहाटेच येऊन काम उरकून गेल्या होत्या, आणि त्यांच्या म्होरक्या आमच्याच घरच्या होत्या.

"रिकामे गोल अगदी ओकेबोके दिसत होते," सुप्रभा म्हणाली. "श्राद्धाला काढतात तसे. सरकारी बाई येणार, शुभ काही नको का?"

"अगं, पण ते उभं राहायला आहेत."

"मग राहा की उभे. कुणी नको म्हटलंय?"

नको असं कुणी म्हटलं नव्हतं, पण उभंही कुणी राहिना. मंडळी फाटकातून आत आली, कोलमांकडे कौतुकानं पाहिलं, आणि कोलमवर पाय कसा द्यायचा म्हणून सगळी गोलांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिली. मधली जागा अर्थातच अरुंद. एकमेकांपासून दूर राहण्यासाठी मी जे गोल काढले होते, त्यांच्यामुळेच सगळे खांद्याला खांदा लावून उभे.

"मंडळी, कृपा करून गोलात," मी ओरडलो.

"मोराच्या तोंडावर पाय देऊ का रे?" वेंकूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रघोजी ताप मोजायचं पिस्तूल घेऊन आला. त्यानं ते वेंकूबाईंच्या कपाळावर रोखलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. यंत्रानं इतका कमी आकडा दाखवला की डॉक्टरी हिशोबानं आत्या आमच्यात नव्हत्या. पुढच्यालाही तोच आकडा, त्याच्या पुढच्यालाही. "बॅटरी उतरलीय, सार," रघोजी हळूच म्हणाला. मग मी त्याला सांगितलं की नुसतं कपाळापुढं धर आणि 'नॉर्मल' म्हण. तो जरा जास्तच प्रामाणिक माणूस. "सार नॉर्मल म्हणायला सांगतायत," असं तो प्रत्येकाला सांगू लागला.

वर्गात मंडळी बसली, ती बसवायला माझा घाम निघाला. एका बाकावर एक, मधे एक बाक रिकामा. पण तिसरीचे बाक तिसरीतल्या मुलांच्या मापाचे. कुणाचे गुडघे हनुवटीला, कुणी बाकाच्या कडेवर तिरका. दोघांना खिडकीजवळचीच जागा हवी होती. एका आजोबांनी पहिल्या पाच मिनिटांत करंगळी वर केली आणि मी जा म्हटल्यावर आणखी तिघांनीही केली. ती त्यांची थट्टा नव्हती, वयच तसं. सेतुमाधव आणि कल्याणराम यांना मी मुद्दाम दोन टोकांना बसवलं. सेतुमाधवांना तापाच्या मुलाचं काम दिलं होतं.

"गप्प बसा," मी टेबलावर डस्टर आपटून म्हणालो. "बी.ई.ओ. मॅडम कधीही येतील. मी प्रश्न विचारीन, हात वर करून उत्तर द्यायचं."

"हा सत्या," वेंकूबाई पलीकडच्या बाकाकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पहिल्या दिवशी याच दारात लोळण घेऊन रडला होता. मी केळं दिलं तेव्हा आत आला. आता बघा, डस्टर आपटतोय."

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळून तारीख लिहू लागलो. कानशिलं तापली होती. त्या वेळी रघोजीनं पिस्तूल रोखलं असतं तर बहुधा ते चाललं असतं.

आणि नेमक्या त्याच वेळी दारातून आवाज आला, "वणक्कम, सार."

बी.ई.ओ. भुवना मॅडम आल्या होत्या. चाळिशीतल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, तोंडावर मास्क, हातात फाइल. त्यांनी एकदा वर्गाकडे पाहिलं, मग दारावरची 'मून्राम वगुप्पु' म्हणजे 'तिसरी' ही पाटी पाहिली, मग पुन्हा वर्गाकडे. वर्ग उठून उभा राहू लागला. काहींना उठायला बराच वेळ लागला, आणि तोवर आधी उठलेले दमून खाली बसले होते.

"हे विद्यार्थी का, सार?" त्यांनी विचारलं.

मी सगळी हकिगत सांगितली. परिपत्रकातली दोन्ही पानं दाखवली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाल्या, "ही दोन पानं एकत्र कुणी वाचली असतील असं वाटत नाही. बरं. तापाचा प्रसंग करून दाखवा."

मी खूण केली. सेतुमाधव कण्हू लागले. थोडं जास्तच कण्हू लागले. रघोजीनं येऊन पिस्तूल धरलं आणि सवयीनं 'नॉर्मल' म्हणाला. मी डोळे वटारले तेव्हा 'ताप, ताप' म्हणाला. मग आम्ही पेशंटला व्हरांड्याच्या टोकाच्या विलगीकरण कक्षात नेलं. ही आमची खेळाच्या सामानाची खोली. एक खाट टाकली होती, उशी माझ्या घरची.

इथपर्यंत सगळं परिपत्रकाप्रमाणे झालं. मी मॅडमकडे जरा अभिमानानं पाहिलं, आणि वर्गातून शिंक ऐकू आली. खरी, दणदणीत, मास्कसुद्धा हलावा अशी.

कल्याणराम. सकाळी फरशीवर टाकलेली ब्लीचिंग पावडर त्यांच्या नाकात गेली होती. पण त्या दिवसांत शिंक ही शिंक राहिली नव्हती. आख्खा वर्ग उठून भिंतीला टेकला. मघाशी ज्यांना बाकावरून उठता येत नव्हतं, ते सगळ्यांच्या पुढं.

"लक्षण दिसलं," मॅडम म्हणाल्या. "आता काय करणार, सार?"

परिपत्रक स्पष्ट होतं. लक्षण दिसेल त्याला तत्काळ कक्षात न्यावं. कक्ष एकच होता. मी काही बोलायच्या आत कर्तव्यदक्ष रघोजीनं कल्याणरामांना दंडाला धरून व्हरांड्यातून नेलं, आत सोडलं आणि दार ताकदीनं ढकलून लावलं. पावसानं फुगलेलं लाकूड. दार चौकटीत असं बसलं की सुतारानं तिथंच कोरलंय असं वाटावं. रघोजीनं ओढलं, मी ओढलं, आम्ही दोघांनी मिळून ओढलं. कडी आमच्या हातात आली, दार तसंच.

आत आधी शांतता होती. मी मनात म्हटलं, दोघं बोलत नाहीत हे एका परीनं बरंच आहे. मग कल्याणरामांचा आवाज आला, "सत्या, यांना सांग, खाटेवरून पाय खाली घ्या. मला बसायला जागा नाही."

"सत्या, त्याला सांग, ताप मला आहे."

"सत्या, यांना सांग, सोंग आणि ताप यात फरक असतो. गाण्यात आणि ओरडण्यात असतो तसा."

झालं. त्यानंतर त्यांना माझी गरज राहिली नाही. वर्षानुवर्षं भाजीवालीला सांगता येण्यासारखं नव्हतं ते सगळं त्या बंद दाराआड बाहेर पडू लागलं. गोकुळाष्टमी निघाली. कोण कुठल्या ओळीवर होतं ते निघालं. "मी असं म्हटलं होतं," म्हणून सेतुमाधवांनी ती ओळ गायला सुरुवात केली. "नाही, तुम्ही असं म्हटलं होतं," म्हणून कल्याणरामांनी तीच ओळ पुन्हा गायली. व्हरांड्यात सगळा वर्ग येऊन उभा राहिला होता. अंतर वगैरे कुणी बघत नव्हतं.

मॅडमनी फाइल उघडली. "पेशंट काय करतोय, सार?"

"गातोय, मॅडम."

"आणि दुसरा?"

"तोही."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी डोळे मिटून हरिप्रसादांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागलो. आतलं गाणं चालूच होतं. पाचव्या की सहाव्या वेळी मॅडमचं लिहिणं थांबलं. त्या दारापाशी गेल्या, बोटानं टकटक केली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "ऐया, दोघांचाही सूर खाली लागतोय."

आतलं गाणं थांबलं.

मग अगदी हळू आवाजात सेतुमाधव म्हणाले, "कल्याण, ही बाई कोण रे?"

"कोण जाणे, अण्णा. आपल्या घरच्या गाण्याला नावं ठेवते."

"ढकल दार."

दोन्ही भावांनी मिळून खांदा दिला. त्यांच्या वयाकडे बघता मी ते होऊ द्यायला नको होतं, पण मला कुणी विचारलं नाही. मोठा आवाज झाला, दार उघडलं, रघोजी बाजूला उडाला आणि दोघं भाऊ अंगावरची धूळ न झटकता मॅडमपुढं येऊन उभे राहिले.

"आपण गाणं शिकला आहात का?" सेतुमाधवांनी विचारलं.

"शिकले नाही, ऐया. माझे वडील पापनाशमच्या देवळात नागस्वरम वाजवत. शिकायला वेगळं बसावं लागलं नाही."

भाऊ जरा गडबडले. नागस्वरमवाल्याच्या मुलीपुढं सुराबद्दल हुज्जत घालावी, एवढी हिंमत आमच्या गल्लीत कुणाचीच नाही.

"मग ती ओळ कशी आहे?" कल्याणरामांनी विचारलं. आवाजात आता ताठा नव्हता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि सहा फुटांवरून, मास्कमधूनच, ती ओळ गुणगुणल्या. थोडंसंच. पण व्हरांड्यात कुणी हललं नाही. पावसाची भुरभुर पडत होती आणि मोराचा कोलम हळूहळू वाहून चालला होता.

"अण्णा," कल्याणराम म्हणाले, "तुमचा जवळ होता. माझा जास्त खाली."

"छे रे. तू बरोबर ओळखलं होतंस, माझा खालीच होता," सेतुमाधव म्हणाले, आणि मग त्यावरून त्यांचं पुन्हा जुंपलं, पण या खेपेस एकमेकांकडे बघून.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सार, मी रिपोर्टात काय लिहू? गोलात कोणी उभं नाही. थर्मामीटर बंद. एका कक्षात दोन पेशंट, आणि दार अडकतं."

मी नुसता उभा होतो, हातात ती तुटकी कडी.

"तुम्ही या सगळ्यांना बोलावलंत आणि ते आले?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"या आठवड्यात मी जिथं जिथं गेले, तिथं मला रिकामे बाक आणि भरलेल्या फाइली दाखवल्या. सगळं उत्तम. उद्या एखादं पोर खरंच त्यांच्या खोलीत अडकलं तर त्यांना तेव्हाच कळणार." त्यांनी फाइल मिटली. "सुताराला बोलवा. दार तासून घ्या. थर्मामीटरला बॅटरी घाला. दुसरी एक खोली मोकळी करा. आणि गोलात कोलम नको. संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा, मी सही करते."

त्या निघाल्या तेव्हा वेंकूबाई अजून वर्गातच होत्या. आपल्या बाकावर, एकट्या, हाताची घडी घालून. मॅडम दारात थांबल्या.

"पाट्टी," त्या म्हणाल्या, तमिळमध्ये आजीला म्हणतात तसं, "तुम्ही नाही आलात बाहेर?"

"सत्यानं सुट्टी दिली नाही अजून," वेंकूबाई म्हणाल्या.

मी घाईघाईनं सुट्टी दिली.

सुतार दिवाळीच्या कामात अडकलेला, येईना. शेवटी मी, रघोजी आणि ते दोघं भाऊ मिळून दार तासलं. एक रंधा धरी, दुसरा 'खाली लागतोय, खाली लागतोय' असं सांगे. माझ्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ घुसलं, चष्म्याची काडी मोडली, आणि फोटोत मी नेमका वाकलेला आलो. मॅडमचं उत्तर आलं: 'दार ठीक. परवानगी दिली आहे.'

आता परवानगी होती आणि मुलं नव्हती. मी संमतीसाठी पुन्हा फोन करायला बसलो आणि पहिल्याच घरी उत्तर आलं, "पाठवतो, सार. आमचे अप्पाच म्हणाले, पाठवा. ते स्वतः बसून आले ना तिथं. म्हणाले, खिडक्या उघड्या आहेत, बाक लांब आहेत, काही भीती नाही." दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरच्या आजींनी सुनेच्या हातून फोन घेऊन मला सांगितलं की नातवाला खिडकीजवळची जागा द्यायची, कारण आपण बसून पाहिलं आहे आणि तिथंच वारं चांगलं लागतं. ज्या मोठ्या माणसांच्या भीतीनं फाटक बंद होतं, तीच मंडळी दिवसभर माझ्या शाळेत बसून गेली होती. हे माझ्या आधी सुप्रभेच्या लक्षात आलं. तिनं ते मला बराच वेळ ऐकवलं.

पहिल्या तारखेला सकाळी फाटक उघडलं. मुलं आली. भिजलेल्या छत्र्या, लहान झालेले गणवेश, काहींना दप्तर कोणत्या खांद्यावर घ्यायचं तेही विसरायला झालेलं. रिकाम्या, पांढऱ्या, अशुभ गोलांत ती शहाण्यासारखी उभी राहिली. फाटकाबाहेर आजी-आजोबांची गर्दी. आपापल्या बाकावर कोण बसतंय ते पाहायला आले होते.

मी दुसरीच्या वर्गात गेलो. ही मुलं पहिलीत असताना शाळा कधी भरलीच नव्हती, त्यांनी वर्ग म्हणून आयुष्यात फक्त मोबाइल पाहिला होता. पहिला दिवस, म्हणून मी दोन मास्क, त्यावर चेहऱ्यापुढं प्लॅस्टिकची ढाल, अशा थाटात उभा राहिलो. इतक्या काळानंतर समोर खरीखुरी मुलं पाहून मला भरून आलं आणि मी बोलू लागलो. शाळा म्हणजे काय, ती बंद का पडली, ती उघडायला केवढे कष्ट झाले, सगळं मनापासून, पंधरा-वीस मिनिटं. मुलं टक लावून ऐकत होती. एवढी शांत मुलं मी माझ्या नोकरीत पाहिली नव्हती. मला वाटलं, शब्द अगदी काळजाला भिडतायत.

पहिल्या बाकावर शांभवी नावाची एक चिमुरडी होती. तिनं हात वर केला. मी मायेनं मान हलवली.

ती उभी राहिली, स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून जोरात, अगदी सवयीनं म्हणाली, "सार, तुम्ही म्यूटवर आहात."

मी ढाल काढली. वरचा मास्कही काढला. आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, पण आता कोण ऐकतंय. मागच्या बाकावर कुणीतरी कुणाची पेन्सिल घेतली होती, खिडकीजवळचा मुलगा शेजाऱ्याशी गप्पा मारत होता, एकानं करंगळी वर केली होती, आणि त्याच्यामागून सगळ्या वर्गानं.